दारफाळणी ते टाळेबंदी : महासाथीच्या काळात कोकणातील बेने इस्राएलांचे सण

रायगड जिल्ह्याचे महाड आणि पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, किनाऱ्यापासून आत वसलेले असले, तरी सावित्री नदीच्या खाडीने ते समुद्राशी आणि समुद्रामार्गे मुंबईशी जोडलेले होते. या वाटेवरचे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे दासगावचे बंदर. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रहासाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून आगबोटीने याच बंदरात उतरले होते. दासगावपासून उत्तरेकडे अलिबाग-पनवेलपर्यंत पसरलेल्या खाड्यांच्या आणि गावांच्या या पट्ट्यात मराठी बोलणारा एक ज्यू समाज शतकानुशतके राहत आला आहे. हा समाज स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, असे म्हणवतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, टाळेबंदीपासून लसीकरणापर्यंतच्या काळात, या समाजाने आपले सण कसे पाळले, हे समजून घ्यायचे तर त्या सणांची जुनी घडण आधी पाहावी लागते, कारण महासाथीत जे टिकले आणि जे हरवले, त्या दोहोंचे कारण त्या घडणीत आहे.

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. कोकणातील गावोगाव पसरलेल्या या लोकांनी तेलाच्या घाण्याचा व्यवसाय धरला, आणि शनिवारी, म्हणजे ज्यू धर्मातील साप्ताहिक विश्रांतीच्या शब्बाथ या दिवशी, ते घाणा बंद ठेवत असल्यामुळे शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नागावकर, चेऊलकर, दिवेकर ही त्यांची आडनावे म्हणजे या जिल्ह्याचा नकाशाच आहे. धर्मग्रंथाची गुंडाळी, पुरोहित आणि प्रार्थनामंदिर यांपैकी काहीही हाताशी नसताना त्यांनी शब्बाथ, मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ईश्वर एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या आधारावर आपला धर्म जपला, आणि तो जपण्याचे ठिकाण घर हेच होते.

सणांची त्यांची जुनी नावेही घरातली आणि कोकणातली आहेत. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात ती नोंदलेली आहेत. ज्यू वर्षारंभ, म्हणजे रोश हशाना, हा ‘नव्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवण्याचा अव महिन्यातील उपवास हा वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’. पुरीम हा त्याच सुमारास येणाऱ्या शिमग्यामुळे ‘होळीचा सण’. आणि मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा पेसाह हा आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्यावरून ‘अनाशी ढाकाचा सण’. वर्षातील सर्वांत पवित्र दिवस, म्हणजे योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपवास, याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी घरातील सर्व माणसे स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून आत बसत, अन्नपाणी घेत नसत आणि बाहेरच्या कोणाचा स्पर्शही होऊ देत नसत. दुसऱ्या दिवशी, ‘शिळ्या सणाला’, दारे उघडून दानधर्म करीत आणि एकमेकांच्या भेटी घेत.

या घरगुती धर्माला प्रार्थनामंदिराची जोड नंतर मिळाली. कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, कोचीनहून आलेल्या ज्यूंनी हिब्रू प्रार्थनांचे शिक्षण दिले, आणि एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी एकामागून एक सिनेगॉग कोकणात उभी राहिली. त्यामुळे बेने इस्राएलांच्या सणांना दोन थर आहेत. एक थर घरातल्या चुलीचा, पाटाचा आणि दाराचा. दुसरा सामुदायिक प्रार्थनेचा. दुसऱ्या थरासाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष जमावे लागतात, आणि या गणसंख्येला ‘मिनियान’ म्हणतात. ती नसेल तर धर्मग्रंथाची गुंडाळी उघडून सार्वजनिक वाचन होत नाही आणि मृतासाठी म्हणायची ‘कद्दिश’ ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. महासाथीने नेमका हा दुसरा थर बंद पाडला.

महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी आढळले, त्या संध्याकाळी होळी होती आणि पुरीमही त्याच सूर्यास्ताला सुरू होत होता. चार दिवसांनी, १३ मार्चला, राज्य शासनाने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा १८९७ साली मुंबईतील प्लेगच्या वेळी झालेला होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि ८ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाह आला. ज्यू पंचांगात हा सण निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो, त्यामुळे त्या वर्षी त्याच दिवशी हनुमान जयंतीही होती. तोच आठवडा गुड फ्रायडेचा आणि ईस्टरचाही होता, आणि पेसाह संपण्यापूर्वी आलेली १४ एप्रिलची आंबेडकर जयंती महाडसह सर्वत्र लोकांनी घरातच साजरी केली. त्याच दिवशी टाळेबंदी वाढल्याची घोषणा झाली. पनवेलपासून दासगाव, महाड, पोलादपूरवरून रत्नागिरीकडे जाणाऱ्या महामार्गावर त्या आठवड्यांत मुंबईहून गावाकडे पायी निघालेली माणसे दिसत होती. सणाला गावाकडे येणे ही कोकणातील सर्व धर्मांच्या माणसांची सवय आहे, पण त्या वर्षी येणाऱ्याचे स्वागत आणि भीती एकाच वेळी वाट्याला आले.

पेसाह हा सण मात्र टाळेबंदीला सर्वांत कमी बधणारा ठरला. त्याचा मुख्य विधी ‘सेदेर’ हा सिनेगॉगमध्ये होत नाही, तो घरात जेवणाच्या बैठकीत होतो. मिसरमधून सुटकेची कथा सांगणारे ‘हग्गादा’ हे पुस्तक घरातील वडीलधारी व्यक्ती वाचते, सर्वांत लहान मूल ठरलेले प्रश्न विचारते, बिनखमिराची भाकरी आणि कडू पाला खाल्ला जातो आणि द्राक्षरसाचे चार प्याले घेतले जातात. द्राक्षमद्य सहज मिळत नसल्यामुळे बेने इस्राएल काळ्या मनुका भिजवून त्यांचे शरबत करतात. म्हणजे दुकाने बंद असतानाही डब्यात मनुका असलेले घर अडत नव्हते. हग्गादाही मराठीत उपलब्ध आहे: पुण्यात १८७४ साली हिब्रू संहिता आणि मराठी भाषांतर असलेली सचित्र हग्गादा छापली गेली होती, आणि पुरोहिताशिवाय घरच्या घरी हा विधी करता यावा, ही सोय अशा पुस्तकांनी दीड शतकापूर्वीच करून ठेवली होती. शिवाय ती कथा स्वतःच साथीची आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकात अखेरच्या आपत्तीच्या रात्री इस्राएल लोकांना सकाळपर्यंत दाराबाहेर पाऊल न टाकण्याची आज्ञा आहे, आणि २०२० च्या पेसाहला जगभरातील ज्यू कुटुंबांनी ती ओळ आपल्या दाराआड बसून वाचली.

तरीही सेदेर म्हणजे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचे एकत्र बसणे, आणि तेच शक्य नव्हते. दूरदृश्य बैठकीने ही उणीव भरून काढावी, तर धर्मनियम आड येत होता, कारण शब्बाथला आणि पेसाहसारख्या मुख्य सणांच्या दिवशी वीज चालू-बंद करणे पारंपरिक ज्यू नियमांत वर्ज्य आहे. इस्राएलमध्ये मोरोक्कोच्या परंपरेतील काही धर्मपंडितांनी, सण लागण्यापूर्वीच संगणक सुरू करून ठेवला तर एकाकी वृद्धांसाठी झूमवरून सेदेर करावा, अशी त्या वर्षापुरती परवानगी दिली. तेथील मुख्य धर्मपीठाने ती मानली नाही. या वादात एका बाजूला कर्मठपणा आणि दुसऱ्या बाजूला सैलपणा पाहणे चुकीचे ठरेल. दोन्ही बाजू जीवरक्षणाच्या तत्त्वावरच उभ्या होत्या आणि त्यांचे मतभेद एकटेपणाने माणसाचा जीव किती धोक्यात येतो, या प्रश्नावर होते.

जीवरक्षणाचे हे तत्त्व, हिब्रूत ‘पिक्कुआह नेफेश’, ज्यू धर्मशास्त्रात फार वरच्या स्थानी आहे. मूर्तिपूजा, खून आणि व्यभिचार हे तीन अपवाद सोडले, तर माणसाचा जीव वाचवण्यासाठी बहुतेक सर्व आज्ञा बाजूला ठेवता येतात, किंबहुना ठेवाव्याच लागतात. १८३१ साली पोझेन शहरात कॉलरा आला, तेव्हा तेथील धर्मपंडित अकिवा एगर यांनी प्रार्थनेच्या एका फेरीला पंधराच माणसांना प्रवेश द्यावा, असा नियम घालून दिला होता. त्यामुळे २०२० साली सिनेगॉगांना लागलेले कुलूप हे धर्मावरचे संकट म्हणून न पाहता धर्मानेच सांगितलेले कर्तव्य म्हणून स्वीकारणे या समाजाला तुलनेने सोपे गेले.

अवघड गेले ते वर्षाच्या उत्तरार्धात. शावुओत हा मे महिन्यातील सण संपून चार दिवस होत नाहीत तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. बेने इस्राएलांचा स्वयंपाक याच नारळावर चालतो. नव्याच्या सणाला होणारा चिकाचा हलवा, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाच्या सत्त्वात नारळाचे दूध आणि साखर घालून तासन्‌तास घोटून केलेल्या वड्या, हे दहा हातांचे काम असते, आणि एरवी ते शेजारणी व जावा मिळून करतात. त्या वर्षी नव्याचा सण १८ सप्टेंबरच्या संध्याकाळी आला, देशातील दैनंदिन नव्या रुग्णांचा आकडा ९७ हजारांवर गेला तो हाच आठवडा. इस्राएलने तर नेमक्या त्याच दिवशी दुपारी दुसरी टाळेबंदी सुरू केली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद होती, आणि ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडेपर्यंत नव्याचा सण, दारफाळणी, मंडपाचा सुक्कोत आणि धर्मग्रंथाच्या आनंदाचा सिम्हात तोरा हे सारे सण उलटून गेले होते.

त्या वर्षीची दारफाळणी जुन्या दारफाळणीसारखीच होती: पांढरे कपडे, उपवास, लावलेली दारे. मध्यंतरीच्या दीड-दोनशे वर्षांत हा दिवस सिनेगॉगमध्ये सकाळपासून तारे दिसेपर्यंत एकत्र बसण्याचा झाला होता. २०२० मध्ये तो पुन्हा घरात आला. या साम्याचे कौतुक करण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. पूर्वजांनी दार लावले ते उपवासासाठी, आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला ते उघडले. महासाथीत दार उघडण्याचा दिवस कोणाच्याच हातात नव्हता. शिळ्या सणाच्या भेटी झाल्या नाहीत. प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातांत घेऊन मग आपली बोटे ओठांना लावण्याची ‘हातबोशी’ ही या समाजाची खास अभिवादनाची रीत आहे, आणि लहानथोर सर्वांनी सर्वांशी ती करायची असते. साथीच्या दृष्टीने याहून धोक्याची रीत शोधूनही सापडली नसती. दाराच्या चौकटीवरील ‘मेझुझा’, म्हणजे धर्मवचनांची डबी, स्पर्शून बोटे ओठांना लावणे, मिरवणुकीत फिरणाऱ्या तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीला हात लावणे, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या ‘मलिदा’ विधीत गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे एकाच ताटातून वाटणे, या सर्वांत स्पर्श हीच भक्ती आहे. या कृतींना पडद्यावरचा पर्याय नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कद्दिशचे झाले. आई-वडिलांच्या मृत्यूनंतर अकरा महिने आणि पुढे दरवर्षी पुण्यतिथीला मुलगा ही प्रार्थना म्हणतो, आणि तिच्यासाठी दहा पुरुष लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार साऱ्या भारतात ज्यू लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि उरलेली मुख्यतः मुंबई-ठाण्यात एकवटली. कोकणातील लहान सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमतात ते सणाला शहरांतून नातलग आले तरच. ज्या गावात हजारोंचा मेळा भरतो तेथील देवस्थान आणि ज्या गावात दहावा माणूस मिळत नाही तेथील सिनेगॉग यांना बंदीचा नियम एकच होता. तो साथीच्या दृष्टीने योग्यच होता, पण त्याची झळ सारखी नव्हती. मोठा समाज पुढच्या वर्षी पुन्हा जमतो. लहान समाजात त्या एका वर्षात गेलेला एक वृद्ध म्हणजे मिनियानमधला एक कमी झालेला माणूस असतो.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी, शनिवारी, आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. त्यानंतर बारा दिवसांनी तू बिश्वात, म्हणजे झाडांचा नववर्षदिन, आला. बेने इस्राएलांसाठी हा एलियाहू हन्नाबीचा उरूस असतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळा परिसरातील, त्याच्या रथाची खूण असल्याचे मानल्या जाणाऱ्या खडकाशी, भाविक मलिदा करायला जातात. लशीत डुकरापासून काढलेला घटक असेल तर काय, हा प्रश्न त्या काळात जगभरच्या ज्यू आणि मुस्लिम समाजांत विचारला गेला. ज्यू धर्मपंडितांचे उत्तर सरळ होते: निषेध खाण्याला आहे, सुईने टोचून घेतलेल्या औषधाला नाही, आणि जीवरक्षण त्याहून वर आहे.

या समाजाला लशीबद्दल आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण मुंबईत आहे. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली तेव्हा ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि तो चुकीचा असल्याचे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. उत्तरायुष्यात हाफकिन कडक धर्माचरण करणारे ज्यू झाले आणि आपली संपत्ती त्यांनी धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. विज्ञान आणि शब्बाथ यांत त्यांना विरोध दिसला नाही. त्यांच्या नावाच्या परळमधील महामंडळाला एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन ही कोरोनाची लस बनवण्याची परवानगी मिळाली.

लस आणि सण यांची गाठ मात्र वेळेवर पडली नाही. साठ वर्षांवरील नागरिकांना लस खुली झाली १ मार्च २०२१ रोजी, दोन मात्रांमधील अंतर होते किमान चार आठवड्यांचे, आणि पेसाह आला २७ मार्चच्या संध्याकाळी. म्हणजे पहिल्याच दिवशी केंद्रावर गेलेल्या ज्येष्ठ नागरिकालाही दोन मात्रा घेऊन सेदेरला बसता आले नाही. दुसऱ्याच दिवशी राज्यात रात्रीची जमावबंदी आली, सणाच्या मध्यावर १ एप्रिलला ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, ४ एप्रिलला सण संपला आणि ५ तारखेपासून प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. याच पेसाहला इस्राएलमधील निम्म्याहून अधिक लोकसंख्येच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या आणि दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथील मराठी बोलणारी बेने इस्राएल कुटुंबे एकत्र बसू शकली. एकाच कुळाच्या दोन शाखांपैकी एक घर माणसांनी भरलेले आणि दुसरे दुसऱ्या लाटेच्या तोंडावर उभे, असा तो सण होता.

बिरड्याचा उपवास त्या वर्षी १८ जुलैला झाला. चारच दिवसांनी, २२ जुलैला, सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. साथीतील अंतर, मुखपट्टी आणि विलगीकरण या साऱ्या गोष्टी तेव्हा निवारा केंद्रांत पाळणे जवळजवळ अशक्य झाले. दासगाव परिसराने २००५ च्या जुलैत अशीच दरड सोसली होती.

नव्याचा सण २०२१ मध्ये लवकर, ६ सप्टेंबरला आला. तोवर एप्रिलमध्ये पहिली मात्रा घेतलेल्या अनेकांची दुसरी मात्रा झाली होती, आणि १५ ऑगस्टपासून दोन मात्रा घेतलेल्यांना मुंबईच्या लोकलने प्रवास करता येत होता. प्रार्थनास्थळांची दारे मात्र ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. सिम्हात तोरा २९ सप्टेंबरला होऊन गेला होता. अशा रीतीने तिश्री या ज्यू महिन्यातील सर्व मोठे सण सलग दोन वर्षे बंद दारांआड गेले, पहिल्या वर्षी लस नव्हती म्हणून आणि दुसऱ्या वर्षी ती पुरेशी सर्वांपर्यंत पोहोचलेली नव्हती म्हणून. ज्यू पंचांगाची तिथी सरकारी निर्णयांत कोणाच्या ध्यानात असण्याची शक्यता नव्हतीच. इतक्या लहान समाजाच्या सणाला राज्याच्या गणितात जागा मिळत नाही, आणि २०१६ साली महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिल्यानंतरही ही स्थिती फारशी बदललेली नाही.

निर्बंध पूर्णपणे उठले ते २०२२ च्या गुढीपाडव्याला. त्यानंतरची पहिली दारफाळणी ५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याच्या दिवशी आली. लस, मुखपट्टी, परवानगी यांपैकी कशाचाच अडथळा आता राहिला नव्हता, आणि २०१९ नंतर प्रथमच हा उपवास सिनेगॉगमध्ये पूर्ण दिवस पाळता येत होता. कोकणातील लहान सिनेगॉगांपुढे त्या दिवशीही प्रश्न साथीच्या आधीचाच होता: मुंबई-ठाण्याहून किती जण येतील आणि दहावा माणूस कोण असेल.